थॉमसची आगगाडी घ्यायची आहे, पण दोन दिवसांत चाक निघणारी नको (नागपूर)

मानेवाडा_मम्मी

नमस्कार सगळ्यांना. प्रश्न साधाच आहे पण माझं डोकं आउट झालं आहे म्हणून जरा लांबलचक लिहून राहिली, सांभाळून घ्या.

मुलगा मे महिन्यात चार वर्षांचा होते. दिवसभर एकच विषय, थॉमस, कार्टूनमधलं ते चेहऱ्याचं निळं इंजिन. दात घासताना थॉमस, जेवताना थॉमस, रात्री झोपेत सुद्धा पर्सी पर्सी (थॉमसचा मित्र, दुसरं इंजिन) करते. टीव्हीवर ते कार्टून लागलं की घर चिडीचूप. त्यात माझे सासरे मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झालेले, सगळी नोकरी नॅरोगेजच्या, म्हणजे अरुंद रुळाच्या गाडीच्या डब्यांवर गेली, म्हणजे नातवाला नाही म्हणणारं घरात कोणीच नाही.

आता झालं काय, मागच्या महिन्यात बर्डीवर गेली होती, मेन रोडच्या एका दुकानात निळं इंजिन दिसलं, हसरा चेहरा, बाजूला १ नंबर, किंमत ३५०, पोरगं तिथेच फरशीवर लोळायला लागलं म्हणून घेऊन टाकलं. घरी येऊन पाकीट फोडलं तर आधी पेंटच्या दुकानासारखा वास. दुसऱ्या दिवशी मागचं चाक निघालं. तिसऱ्या दिवशी चेहरा निघाला. हो, चेहरा! स्टिकर होता तो, एक कोपरा वर आला होता, पोरानं नखानं ओढला आणि थॉमस बिनचेहऱ्याचा झाला. इतकं रडलं की शेजारच्या काकू विचारायला आल्या, काय झालं वं, कोणाला काही झालं का म्हणून.

सासऱ्यांनी ते इंजिन उलटं केलं, चष्मा कपाळावर सरकवला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "अवं याले एक्सलच नाही. दोन बाजूनं दोन खिळे ठोकले प्लास्टिकात अन् त्यावर चाकं लावली." दुकानदाराकडे परत गेली तर म्हणे मॅडम खेळण्याची काय गॅरंटी असते.

तर बजेट दोन हजारापर्यंत आहे, थोडं वर गेलं तरी चालेल. बॅटरीवालं घेऊ की हातानं ढकलायचं? लाकडी की मेटलचं? रूळ लागतात का? आणि ओरिजिनल आहे हे ओळखायचं कसं? घरात टाइल्स आहेत, गॅलरी पश्चिमेची आहे, आणि पोरगं फेकते. म्हणजे खरंच फेकते, सेहवागसारखं मनगट आहे त्याचं.

दोन_पोरट्यांचा_बाप

ताई तुमचा प्रश्न वाचून आमच्याच घरची स्टोरी वाटली. मोठा आता नऊ वर्षांचा आहे, लहानगा पाच, दोघांचंही थॉमस प्रकरण मी भोगून बसलो आहे त्यामुळे जे शिकलो ते सांगतो.

पहिली गोष्ट, थॉमसचं खेळणं म्हणून एकच काही नसते. तीन वेगवेगळे प्रकार आहेत आणि तिघांचे रूळ एकमेकांना लागत नाहीत. एक लाकडी, त्याला पुढे मागे चुंबक असते आणि लाकडाच्या खाचेवाल्या रुळावर चालते. दुसरं मेटलचं, छोटं, मुठीत मावणारं, हातानं ढकलायचं. तिसरं मोटरवालं, प्लास्टिकची मोठी गाडी, आमच्याकडच्याला दोन ट्रिपल ए सेल लागतात. आमच्या साळ्यानं मोटरवाल्याचा ट्रॅक आणला आणि मी मेटलचं इंजिन आणलं, झाला पचका. त्यातही मोटरवाल्याचे जुने ट्रॅक आणि २०१४ नंतरचे ट्रॅक सरळ जुळत नाहीत, मधे वेगळा जोड लागते. म्हणून कोणी नातेवाईक म्हटले की मी ट्रॅक देतो तर आधी विचारा कोणत्या प्रकारचा.

टिकायचं म्हणाल तर फेकणाऱ्या पोराला मोटरवालं देऊच नका. आतमधे प्लास्टिकचे दातेरी चाकं असतात, गाडी चालू असताना पोरगं तिला हातानं उलटी दाबते, आमचा तर मांडी घालून बसायचा तिच्यावर, मग एक दिवस मोटर फिरते, घर्रर्र कटकट आवाज येते आणि गाडी जागची हलत नाही. तो दाता तुटला की संपलं, तो सुटा कुठेच मिळत नाही, मी बर्डीपासून सदरपर्यंत फिरलो. मेटलवालं मात्र आमच्याकडे दोन्ही पोरांच्या हातून गेलं आणि अजून आहे. रंगाचे टवके उडाले, त्यातलं जेम्स नावाचं इंजिन तर अर्धं लाल अर्धं चांदीसारखं दिसते, पण चारही चाकं फिरतात. फक्त एक, ते जड असते. फेकलं तर खेळणं वाचते, टाइल वाचत नाही. आमच्या हॉलमधे दोन टाइलचे कोपरे गेलेले आहेत आणि टीव्हीसमोर मी आता सोफा आडवा लावला आहे.

अजून एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. तुमचं पोरगं कोणता थॉमस पाहते ते आधी बघा. हे कार्टून १९८४ मधे सुरू झालं, आधी खऱ्या मॉडेलच्या गाड्या चालवून शूटिंग करायचे, मग काँप्युटरवालं आलं, आणि २०२१ पासून नवीन सिरीज आली ती सपाट चित्रांची, त्यातला थॉमस बुटका, डोळे मोठे, लहान पोरासारखा. यूट्यूबवर जुनं नवं सगळं एकत्र सापडते. मोठ्याच्या वाढदिवसाला त्याच्या मावशीनं एक थॉमस दिला, चांगला महागाचा, आणि यानं पाहून सरळ सांगितलं, हा थॉमस नाहीये. का तर चेहरा वेगळा. तो डब्यातच राहिला. कधीच तुटला नाही बरं का तो 😄

इतवारी_बॉय

ताई, आमचं घरचंच खेळण्याचं होलसेल आहे म्हणून दोन गोष्टी सांगतो, जाहिरात नाही, दुकानाचं नाव पण सांगत नाही.

३५० वाला जो तुम्हाले भेटला तो डुप्लिकेट होता हे त सांगाची गरज नाही. पण ओळखाचं कसं ते आयका. सरकारचा नियम आहे, १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षाखालच्या लेकराईच्या खेळण्यावर आयएसआय मार्क कंपल्सरी. इथं बनलेलं असो का बाहेरून आलेलं. मार्कच्या खाली सीएम/एल असं लिहून नंबर राहते. मोबाइलमधे बीआयएस केअर नावाचं ॲप टाका, त्यात तो नंबर टाकला का कंपनीचं नाव, पत्ता, लायसन चालू आहे का बंद, सारं येते. दुकानातच उभं राहून पाहा, लाजू नका, दुकानदार तोंड वाकडं करते त करू द्या. काही लोक नुसताच मार्क छापते अन् नंबरच नसते, नाहीतर मिक्सरचा नंबर असते, म्या सोता पायलं आहे.

आता तुम्ही म्हणान मार्क असला म्हंजे टिकते का. तसं नाही. तो मार्क सेफ्टीचा आहे. टेस्टमधे खेळणं पाडते, वढते, पिळते, पण ते पायतात कायले, त त्यातून बारका तुकडा निघून लेकराच्या नरड्यात जाऊ नये, धारदार कोपरा निघू नये म्हणून. रंगात शिसं वगैरे पायतात. तुमच्या पोरानं शंभरदा फेकलं त चालन का, हे कोणी टेस्ट करत नाही. पण एक आहे, जे पाडून, वढून पास झालं त्याचं चाक दुसऱ्या दिवशी निघत नाही.

अन् महाग काऊन झालं, त बाहेरच्या खेळण्यावर ड्युटी २० टक्के होती, २०२० मधे ६० केली अन् २०२३ मधे ७०. म्हणून ओरिजनल पायलं का डोळे पांढरे होते, अन् म्हणूनच डुप्लिकेटवाल्याचं फावते. आमच्याच लाइनीत लोकं ठेवतात, मी खोटं कायले बोलू.

दुकानात हातात घेतल्यावर तुमच्या सासऱ्यानं जे केलं तेच करा, उलटं करा. लोखंडाची काडी या चाकातून त्या चाकात आरपार गेली पायजे. एक चाक बोटानं फिरवा, पुढच्या दोन्ही चाकाची जोडी संग फिरली त बरं, अन् खडखड हलली त ठेवून द्या. चेहरा अंगठ्यानं घासा. चांगल्यात नाक गाल वर आलेले राहते अन् रंग छापलेला राहते, डुप्लिकेटमधे सपाट कागद. खालून स्क्रू दिसला पायजे, नुसतं चिपकवलं असन त गरमीत उकलते. अन् वास. वास आला का सोडा, तिथं दुसरी टेस्टच करू नका.

मानेवाडा_मम्मी

बाप रे, एवढं सगळं! थँक्यू दोघांना. ॲप टाकलं. गंमत म्हणजे घरात जेवढी खेळणी होती ती सगळी सासरे आणि मी काल रात्री उलटी करून बसलो, अकरा वाजेपर्यंत. सतरापैकी मार्क निघाला पाचांवर.

मेटलचं मनात बसलं होतं, पण मधेच एक नवीन गोष्ट झाली. माझी नणंद अमेरिकेत असते, तिचा मुलगा आता कॉलेजला आहे, त्याचा लहानपणचा लाकडी थॉमसचा अख्खा डबा तिनं जपून ठेवला आहे, आठ दहा इंजिनं, डबे, पूल, सगळं. पुढच्या आठवड्यात येऊन राहिली तर म्हणते घेऊन येते. फुकटात! फोटो पाठवला, वीस वर्षं होत आली तरी एकही चाक तुटलेलं नाही. मला वाटते टिकाऊपणाचा यापेक्षा मोठा पुरावा काय पाहिजे? आता विकत घ्यायचंच कायले? लाल जेम्स तर काय सुंदर आहे.

नवजात_ते_दहावी

थांबा थांबा, तो लाल जेम्स पोराच्या हातात देण्याआधी हे वाचा.

मी मूळची पुण्याची, लग्न होऊन नागपुरात, लहान मुलांच्या वॉर्डमध्ये नर्स आहे म्हणून जरा जास्तच घाबरट समजा. पण "वीस वर्षं होत आली" आणि "अमेरिका" हे वाचून लगेच लिहायला बसले. २००७ च्या जूनमध्ये अमेरिकेत थॉमसच्या लाकडी गाड्या परत मागवल्या होत्या, रंगात शिसं सापडलं म्हणून. थोड्याथोडक्या नाही, साधारण १५ लाख नग. जानेवारी २००५ ते जून २००७ या काळात विकलेले, चीनमध्ये बनलेले. आणि त्या यादीत लाल जेम्स आणि त्याचा कोळशाचा डबा होता. सगळी इंजिनं नव्हती, ठराविकच होती, पण यादी होती. तिथल्या सीपीएससी नावाच्या सरकारी संस्थेच्या साइटवर ती फोटोसकट अजून आहे, नणंदेला म्हणावं बसून एकेक मिळवून बघ. तुमच्या नणंदेचा मुलगा आत्ता कॉलेजला म्हणजे हिशोब बरोब्बर त्याच वर्षांचा बसतो हो.

शिसं दिसत नाही, वास येत नाही. मूल इंजिन तोंडात घालतं, रंगाचे टवके पोटात जातात. चाक पक्कं आहे याचा आणि रंगाचा काही संबंध नाही. लाकूड वीस वर्षं टिकलं म्हणजे तो रंगही वीस वर्षं तिथंच टिकला.

दुसरं, लाकडी गाड्यांची चुंबकं. जुन्या गाडीत चुंबक सैल झालंय का ते प्रत्येक इंजिनाला पुढे आणि मागे दोन्हीकडे ओढून बघा. एक गिळलं तर एकवेळ निघून जाईल, पण दोन गेली की ती आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना चिकटतात, मधलं आतडं दाबून भोक पडतं. आमच्याकडे पोटदुखी म्हणून आलेलं मूल ऑपरेशनला गेलेलं पाहिलंय. आणि कुठल्याही आवाजाच्या, लाइटच्या खेळण्यात बटण सेल असेल तर त्याचं झाकण स्क्रूनं बंद पाहिजे, नखानं उघडणारं नको. ते बटण अन्ननलिकेत अडकलं तर दोन तासांत भाजायला लागतं. असं झालं तर घरी वाट बघू नका, केळं बिळं खाऊ घालत बसू नका, सरळ हॉस्पिटल.

घाबरवायचं नव्हतं. मेटलचं घ्या, साधं घ्या.

मानेवाडा_मम्मी

अंगावर काटा आला. नणंदेला लगेच फोन केला, तिकडे रात्रीचे दोन वाजले होते हेही विसरली. तिनं सकाळी यादी काढून पाहिली, जेम्स, त्याचा टेंडर म्हणजे कोळशाचा डबा, आणि अजून दोन गोष्टी जुळल्या. तिला कधी माहीतच नव्हतं. आता ती म्हणते बाकीची पण नको आणू, काय भरवसा. सासरे म्हणतात रूळ आण, रुळाला रंग नाही. तेवढे आणून राहिली.

महालवाला

तुम्हा लोकांचं वाचून गंमत वाटली. टिकणारं खेळणं पाहिजे आणि शोधून राहिले अमेरिकेत, चीनमधे. अहो नागपूरकर आहात नं? तान्ह्या पोळ्याचा, आपल्या पोरांच्या पोळ्याचा, लाकडी नंदी विसरले का?

आमच्या घरी जो लाकडी नंदी आहे तो माझ्या आजोबांना त्यांच्या वडिलांनी महालातल्या सुताराकडून करून दिला होता. सागाचा, एक फूटभर उंच, चार लाकडी चाकं. मी त्याची दोरी धरून गल्लीत बोजारा, म्हणजे पोरांना मिळणारा खाऊ-पैसे, मागायला फिरलो, माझा मुलगा फिरला, आता नातू फिरते. एका शिंगाचं टोक गेलं आहे, ते १९७१ मधे माझ्या हातून गेलं, त्याचा मार अजून आठवते. चाकं दोनदा बदलली. दरवर्षी पोळ्याच्या आधी धुऊन पुसून गेरू आणि तेलाचा हात मारतो. भोसल्यांच्या काळापासून, १८०६ पासून म्हणतात, हा तान्हा पोळा नागपुरात चालू आहे, तेव्हापासून आपल्याकडे पोरांना चाकाचं लाकडी खेळणं देण्याची पद्धत आहे. पोळ्याला वेळ आहे पण सुताराला आतापासून सांगाल तर निवांत करून देईल. दोन हजारात झकास नंदी होते.

दोन_पोरट्यांचा_बाप

काका, नंदी भारीच, आमच्याकडे पण आहे. पण चार वर्षांच्या पोराला थॉमस सांगून नंदी दिला तर ते बोजारा घेईल आणि तुमच्याकडे थॉमसच मागेल 😄

महालवाला

आमच्या नातवानं नंदीच्या मागे तीन काडेपेट्या बांधल्या आणि सीटी वाजवत घरभर फिरवला. पुढे बोला.

हिंगण्याची_ताई

मधेच घुसते, सॉरी. आमच्याकडे थॉमस नाही, छोटा भीम आहे. त्याचं काय टिकते? हात पाय हलणारा घेतला होता, खांद्यातून हात निघाला, मग लाडू धरायचा तो हात आठ दिवस सोफ्याखाली होता.

इतवारी_बॉय

ताई, माणसाच्या बाहुल्याले जितके जोड तितकी तुटाची जागा. हात, मान, कंबर हलणारा घ्याल त पयले मान जाते. लहान लेकरासाठी एकाच साच्यात बनलेला, हात पाय न हलणारा घ्या, दिसाले साधा दिसते पण फेका, आपटा, काही होत नाही. नाहीतर कापडाचा घ्या. फक्त कापडाच्या बाहुलीचे डोळे बटनाचे नको, भरतकामाचे पायजे. अन् मऊ रबरी असन त गरमीत माळ्यावर, गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, ते चिकट होते. हातले लागते नं तसं तेलकट, ते धूळ नाही, आतलं तेल बाहेर येते. धुऊन जात नाही.

दोन_पोरट्यांचा_बाप

हे उन्हाचं बरोबर बोलला भाऊ. मानेवाडावाल्या ताई, तुमची पश्चिमेची गॅलरी म्हणजे नवतप्यात, त्या भर उन्हाळ्याच्या नऊ दिवसांत, तवा. आमचे मोटरवालीचे प्लास्टिकचे रूळ एक दुपार गच्चीवर राहिले, संध्याकाळी पाहतो तर केळ्यासारखे वाकडे. रंग तर एका उन्हाळ्यात जाते, निळ्याचा आकाशी होते, आणि दोन उन्हाळे काढलेलं प्लास्टिक असं कडक होते की बोटानं दाबलं तरी टचकन मोडते. आणि मेटलचं इंजिन उन्हात राहिलं तर पोराच्या हाताला चटका बसते, ते वेगळंच. गॅलरीत खेळा पण सात वाजता, आणि उचलून आत. सेलवालं काही घेतलंच तर शाळा लागेपर्यंत पडून राहणार असेल तेव्हा सेल काढून ठेवा, ते फुटून हिरवं पांढरं काय काय बाहेर येते आणि पत्रा खाऊन टाकते.

तुटलं तर फेविक्विकनं चिपकवता येते पण बाजूला पांढरी वाफ धरते, चेहऱ्यावर लावू नका, गॉर्डन नावाचं इंजिन आमचं मोतीबिंदू झाल्यासारखं दिसते.

मानेवाडा_मम्मी

अपडेट देते, कारण तुम्ही सगळ्यांनी एवढी डोकेफोड केली.

मेटलचाच थॉमस घेतला आणि एक पर्सी. ऑनलाइन मागवलं नाही, धरमपेठेत एका दुकानात सासऱ्यांना सोबत घेऊन गेली. दुकानदारानं तीन प्रकारचे काढून ठेवले आणि हे बसले एकेक उलटा करत, काउंटरवर चष्मा, खिशातून छोटी टॉर्च. मागे लाइन लागली. पोरगा पण आजोबांसारखा एक डोळा बारीक करून चाक फिरवून पाहत होता. नंबर ॲपमधे टाकला, आला. चेहरा नखानं घासून पाहिला, वर आलेला आहे, स्टिकर नाही. जुन्याच चेहऱ्याचा भेटला, कारण पोरगा यूट्यूबवर जुनंच पाहते हे तुमच्या सांगण्यावरून मी आधी बसून पाहिलं होतं, चार एपिसोड, मला पण आवडायला लागलं आता.

तिथेच एक गुलाबी इंजिन होतं, अशिमा नावाचं, रंगीबेरंगी नक्षीवालं, भारतातलं. कार्टूनमधे ती २०१६ मधे आली. दुकानदार म्हणे नीलगिरीच्या इंजिनावरून बनवली आहे. सासरे लगेच म्हणाले, नीलगिरी मीटरगेज आहे, आपली छिंदवाड्याची नॅरोगेज होती, अडीच फुटी, दोन्ही एक नाही. दुकानदार म्हणाला हो काका. मग ती पण घेतली, बजेट गेलं. नणंदेनं रूळ आणले आहेत लाकडी, साधे, बिनरंगाचे, त्यावर मेटलचं इंजिन काही नीट बसत नाही, खाचेतून चाक वर येते, पण पोराला काही फरक पडत नाही, तो रूळ बाजूला ठेवून फरशीच्या सांध्यावरून चालवते.

मोतीबागच्या नॅरोगेज म्युझियमला पण नेलं रविवारी, कडबी चौकाकडून. तिथलं खरं इंजिन पाहून पोरगा दहा मिनिटं गप्प. मग विचारलं, याचा चेहरा कोणी काढला?

आता आजची गोष्ट. सकाळी कूलर लावला तर पंपाचा आवाज वेगळाच, घुर्रघुर्र, पाणीच चढेना. स्विच बंद करून, प्लग काढून मागची जाळी उघडली तर टाकीत थॉमस, पर्सी आणि अशिमा तिघं तळाला बसलेले, पर्सी बरोबर पंपाच्या तोंडाशी. रात्रभर पाण्यात. वरचा रंग जसाच्या तसा, पण उलटं केलं तर एक्सलच्या काडीवर दोन्ही टोकाला बारीक तांबडी रेघ आलेली आणि चाकांच्या कडेला कूलरच्या पाण्याचा तो पांढरा खार. मी चिडली, हात उगारणारच होती. तर पोरगं म्हणते आबांनीच सांगितलं. काय सांगितलं? तर सासरे दोन दिवसांपूर्वी त्याला गोष्ट सांगत होते, ते नोकरीला लागले तेव्हा वाफेची इंजिनं स्टेशनात थांबून पाणी भरायची, पाणी भरल्याशिवाय पुढे जायचीच नाहीत.

म्हणून यानं तिघांना पाणी पाजलं.

सासऱ्यांनी काही न बोलता तिघांना फडक्यानं पुसलं, उन्हात नाही, पंख्याखाली वाळवलं, शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब काडीवर सोडला, चाक फिरवून फिरवून तो थेंब आत जाऊ दिला. फिरून राहिली चाकं, पहिल्यापेक्षा हलकीच वाटतात. पंपाची जाळी मात्र गेली. मानेवाडा, बेसा बाजूला कूलरच्या टाकीला वरून झाकण करून देणारं कोणी असेल तर सांगा, कुलूप लागेल असं.